त्र्याण्णव घेतलंत, चौऱ्याण्णव गाळलंत

बसा. लॅपटॉप मिटा. आज लिहून घेण्यासारखं काही नाही, ऐकून घेण्यासारखं आहे.

'बालरुग्णालयात संगणकीय ऑर्डर प्रणाली सुरू करणे' या विषयावर तुमच्या गटाने दिलेला आराखडा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. खर्चाचं कोष्टक आहे. सर्व्हर कुठे ठेवायचा, लॉगिन कुणाकुणाला द्यायचं, कोणत्या तारखेला फीत कापायची, सगळं आहे. आजारी मूल मात्र एकाही पानावर नाही. सिस्टरचा उल्लेख दोन ठिकाणी आहे, एकदा 'प्रशिक्षणार्थी' म्हणून आणि एकदा 'बदलाला विरोध करणारा घटक' म्हणून. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि ते माझ्या वर्गात चालणार नाही. उद्या तुमच्यातलाच कुणीतरी एखाद्या रुग्णालयाचा प्रशासक होईल, अशाच कागदावर सही करेल, आणि त्या सहीचा परिणाम पाच किलोच्या बाळाला भोगावा लागेल.

सुरुवात पान चारपासून करू. तिथे ठळक अक्षरांत लिहिलंय की, संगणकीय ऑर्डरमुळे मुलांच्या औषधातल्या धोकादायक चुकांपैकी 93 टक्के चुका टळतात. आकडा कुठून उचललात ते मला ठाऊक आहे. बॉस्टनच्या दोन रुग्णालयांत 1999 च्या एप्रिल-मे महिन्यांत कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या 10,778 औषध-ऑर्डरी तपासल्या. 616 चुका सापडल्या. त्यातल्या 115 चुका अशा होत्या की त्यांनी मुलाला इजा होऊ शकली असती, आणि असं प्रमाण मोठ्या माणसांच्या तुलनेत तिप्पट होतं. 2001 साली हा निबंध छापून आला. इथपर्यंत ठीक. पण ज्या वाक्यात 93 आहे, ते वाक्य तुम्ही पूर्ण वाचलंत का? परीक्षक डॉक्टरांचं मत असं होतं की, या घातक ठरू शकणाऱ्या चुकांपैकी 93 टक्के संगणकीय ऑर्डरने टाळता आल्या असत्या, आणि वॉर्डात हजर असलेल्या क्लिनिकल फार्मासिस्टने 94 टक्के. त्र्याण्णव घेतलंत, चौऱ्याण्णव गाळलंत. 'टाळता आल्या असत्या' या मताचं 'टळतात' असं विधान केलंत ते वेगळंच. नजरचुकीने झालं असेल तर तो निष्काळजीपणा आहे. जाणूनबुजून केलं असेल तर ती लबाडी आहे. तुमच्या कोष्टकात संगणकांसाठी काही कोटींची तरतूद आहे, आणि वॉर्डात उभ्या राहणाऱ्या एका फार्मासिस्टच्या पगारासाठी रुपयाही नाही. तो 94 चा आकडा पानावर आला असता तर हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलाच असता.

आता कुणी असा समज करून घेऊ नका की मॅडम जुन्या वळणाच्या आहेत आणि यांना यंत्र नको आहे. मला ते हवं आहे. मुलांच्या वॉर्डात तर ते मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा जास्त हवं आहे. का, ते तुमच्या आराखड्यात अर्ध्या ओळीत उरकलंय, म्हणून मी सांगते. मोठ्या माणसाला एक गोळी सकाळी, एक रात्री, असं चालून जातं. बालरुग्णालयात एका खोलीत 700 ग्रॅमचं अपुऱ्या दिवसांचं बाळ असतं आणि दोन खोल्या सोडून 70 किलोचा सतरा वर्षांचा मुलगा. शंभर पटींचा फरक. प्रत्येक डोस वजनावरून काढायचा, प्रत्येक वेळी गुणाकार करायचा, मग भागाकार करून किती मिलिलिटर ते काढायचं, आणि तेही रात्री तीन वाजता, ड्यूटीचे कितवे तास चालू आहेत हे विसरलेल्या रेसिडेंटने. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. घाईत लिहिलेला 'पॉइंट पाच' सिस्टरला 'पाच' दिसू शकतो. अशा ठिकाणी यंत्राने गुणाकार केला, अक्षर स्वच्छ छापून दिलं, मात्रेची कमाल मर्यादा ओलांडली की थांबवलं, तर मी त्या यंत्राचे आभारच मानेन.

पण यंत्र नेमकं काय पुसतं आणि काय शिल्लक ठेवतं, हेही पाहायला शिका. वँडरबिल्ट विद्यापीठाच्या मुलांच्या अतिदक्षता विभागात प्रणाली आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर मोजणी केली गेली. निबंध 2004 चा आहे. अपुरी माहिती, न लागणारं अक्षर, चुकीचं एकक अशा लिखाणाच्या चुका दर शंभर ऑर्डरींमागे 30.1 होत्या, त्या 0.2 वर आल्या. डोळे दिपतील असा आकडा आहे. त्याच निबंधात, ज्यांनी मुलाला खरोखर इजा होऊ शकते अशा चुका शंभरामागे 2.2 वरून 1.3 वर आल्या. म्हणजे कागद जवळजवळ निर्मळ झाला, धोका मात्र निम्म्याहून अधिक उरला. का उरला, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने बालरुग्णालयाच्या वाटेला जाऊ नये.

आता पिट्सबर्ग. तुमच्या आराखड्यात याला एक तळटीप दिली आहे: 'एका रुग्णालयात वापरकर्त्यांच्या विरोधामुळे अडचणी आल्या.' ही टीप कुणी लिहिली हे मी विचारत नाही. ज्याने लिहिली त्याने मान वर करून ऐकावं.

चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ पिट्सबर्ग. 2002 चा ऑक्टोबर महिना. बाजारात विकत मिळणारी एक नावाजलेली प्रणाली अवघ्या सहा दिवसांत सगळ्या रुग्णालयात सुरू केली गेली. हेतू चांगला होता, पैसा होता, तज्ज्ञ होते. त्यानंतर तिथल्याच डॉ. हान आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांची नोंद तपासली. प्रणालीच्या आधीचे तेरा महिने आणि नंतरचे पाच, मिळून 1,942 मुलं. आधीच्या काळात 1,394 मुलांपैकी 39 दगावली होती, म्हणजे 2.80 टक्के. नंतरच्या काळात 548 पैकी 36, म्हणजे 6.57 टक्के. आजाराची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही मृत्यूची शक्यता तिपटीहून जास्त निघाली. डिसेंबर 2005 मध्ये हे 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालं. स्वतःच्या रुग्णालयातला असा निष्कर्ष स्वतःच्या नावानिशी छापायला धैर्य लागतं. त्या धैर्याला तुम्ही 'वापरकर्त्यांचा विरोध' म्हणालात.

तिथे काय घडत होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं सार त्यात आहे. पूर्वी अत्यवस्थ मूल रुग्णवाहिकेत किंवा हेलिकॉप्टरमध्ये असतानाच आणणारं पथक फोनवरून कळवायचं: वजन इतकं, रक्तदाब इतका, हे दिलंय, हे लागेल. अतिदक्षता विभागातले डॉक्टर मूल पोचण्याआधीच ऑर्डरी लिहून ठेवायचे, सिस्टर औषधं काढून पंप भरून ठेवायच्या. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष दारात येऊन त्याची नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय ऑर्डर टाकताच येत नव्हती. म्हणजे जो वेळ आधी तयारीत जायचा, तो आता मूल पलंगावर पडल्यानंतर सुरू होऊ लागला.

पुढे. हाताने एक ओळ लिहायला काही सेकंद लागायचे. पडद्यावर एका ऑर्डरीला सरासरी दहा क्लिक, एक ते दोन मिनिटं. शॉकमधल्या मुलाला एका वेळी सात-आठ गोष्टी लागतात: सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाबाचं औषध, भूल, रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे. करा गुणाकार. जास्त अत्यवस्थ मूल असेल तर एक डॉक्टर पहिली पंधरा मिनिटं ते तासभर नुसता संगणकासमोर अडकून पडायचा, मुलाकडे पाठ करून. बरेचसे संगणक बिनतारी जाळ्यावर होते. गर्दीच्या वेळी ते जाळं तुंबायचं आणि दोन क्लिकांच्या मधे वाट बघत बसावं लागायचं.

याच सुमारास आणखी एक निर्णय झाला होता. अतिदक्षता विभागातच औषधं ठेवण्याची जी सोय होती ती काढून सगळी औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली गेली, अगदी तातडीची रक्तदाबाची औषधं आणि अँटिबायोटिकंसुद्धा. आधी सिस्टर हात लांब करून औषध घ्यायची. आता ऑर्डर पडद्यावर 'सुरू' केल्याशिवाय फार्मसी ती हातात घेऊ शकत नव्हती, म्हणून सिस्टरही दुसऱ्या संगणकापाशी. पलंगाजवळचे चार हात कमी झाले. आणि डॉक्टर आणि सिस्टर समोरासमोर उभं राहून जे बोलायचे, 'सर, याच्या मागच्या डोसला पुरळ आलं होतं', 'सिस्टर, हे आधी, ते नंतर', ते बोलणंही आटलं, कारण आता निरोप पडद्यावर जात होता.

शॉकमध्ये वेळेची किंमत काय असते? याच डॉ. हान यांनी दोन वर्षं आधी, 2003 साली, सेप्टिक शॉकमधल्या बाळांवर आणि मुलांवर निबंध लिहिला होता. शॉक न सुधारता गेलेल्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूची शक्यता दुपटीहून अधिक वाढलेली त्यांना दिसली होती. ज्याला हे ठाऊक आहे त्याची नजर घड्याळाकडेच जाणार. तुमच्या आराखड्यात 'वेळ' हा शब्द आहे तो फक्त 'वेळेची बचत' या मथळ्यात. कुणाची बचत? बिलिंग विभागाची.

मागच्या बाकावरून परवा कुणीतरी म्हणालं होतं, 'म्हणजे मॅडम, कॉम्प्युटरने मुलं मारली.' आणि लगेच दुसऱ्याने उत्तर दिलं, 'छे, त्या स्टडीवर टीका झाली आहे, तो धरायचा नाही.' दोघंही उभे राहा. दोघांनीही विचार करायचा कंटाळा केला आहे. पहिल्याला सांगते: त्या निबंधाचे लेखक स्वतः 'कारण' म्हणत नाहीत, 'संबंध दिसला' म्हणतात. आधी-नंतर अशी तुलना आहे; मधे फार्मसीही हलली होती; नंतरचे पाच महिने ऐन हिवाळ्याचे होते, आधीच्या तेरांत सगळे ऋतू होते. आणि त्याच रुग्णालयातून, त्याच प्रणालीविषयी, त्याच 2005 साली दुसरा निबंध निघाला, त्यात औषधांमुळे होणारी प्रत्यक्ष इजा कमी झाल्याचं म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली खऱ्या असू शकतात. वॉर्डात आठवडाभर राहिलेल्या मुलाला यंत्राने चुकीच्या डोसपासून वाचवलं असेल, आणि दारात आलेल्या मरणासन्न मुलाची पंधरा मिनिटं त्याच यंत्राने खाल्ली असतील. दुसऱ्याला सांगते: निबंधावर टीका झाली म्हणजे त्यातली निरीक्षणं खोटी ठरत नाहीत. नोंदणीआधी ऑर्डर टाकता येत नव्हती, हे वर्णन आहे, संख्याशास्त्र नाही. ते तुमच्या प्रणालीत तपासून बघायला कुणाची परवानगी लागते?

सिएटलच्या बालरुग्णालयाने ते तपासून बघितलं. प्रणाली त्याच कंपनीची. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केली, म्हणजे पिट्सबर्गनंतर वर्षभराने, आणि त्या अनुभवातून शिकून. अतिदक्षता विभागासाठी नेहमीच्या ऑर्डरींचे संच आधीच बांधून ठेवले, म्हणजे शॉकच्या मुलाला आठ वेळा दहा-दहा क्लिक करायची पाळी येऊ नये. तिथल्या अतिदक्षता विभागात तेरा महिने आधी मृत्यूचं प्रमाण 4.22 टक्के होतं, तेरा महिने नंतर 3.46. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण वाढ झाली नाही हे नक्की. पुढे स्टॅनफर्डच्या ल्युसिल पॅकार्ड बालरुग्णालयाने 2007 साली प्रणाली आणली आणि 2010 मध्ये छापलं की रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही हा 20 चा आकडा घेतलात, अर्थातच. त्याआधीची त्यांची तयारी किती वर्षांची होती आणि त्याच काळात तिथे दुसऱ्या कोणत्या सुधारणा झाल्या, यावर तुमच्याकडे एक ओळ नाही. खोक्यातून काढून भिंतीला लावलेल्या यंत्राने मुलं वाचवली असं समजलात की पुढचं पिट्सबर्ग तुमच्याच रुग्णालयात घडेल.

पान अकरा. तिथे अभिमानाने लिहिलंय की, प्रस्तावित प्रणाली 'सर्व प्रकारचे' इशारे देईल. जास्त इशारे म्हणजे जास्त सुरक्षितता, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी तरी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातली 2013 सालची घटना वाचा. डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या 2015 च्या पुस्तकात ती रुग्णालयाच्या संमतीने सविस्तर मांडली आहे. सोळा वर्षांचा मुलगा, वजन 38.6 किलो, संसर्ग टाळण्यासाठी नेहमीचं अँटिबायोटिक चालू. वजन 40 किलोच्या आत, म्हणून प्रणालीचा नियम: डोस मिलिग्रॅम प्रति किलो असाच टाकायचा. रेसिडेंटने बरोबर टाकला, किलोला 5 मिलिग्रॅम. हिशोब आला 193. गोळी 160 ची. फार्मासिस्टने नियमाप्रमाणे डॉक्टरला ऑर्डर पुन्हा टाकायला सांगितलं. तिने चौकटीत 160 टाकलं. चौकटीपुढे एकक होतं मिलिग्रॅम प्रति किलो, तेवढं नजरेतून सुटलं. यंत्राने इमानेइतबारे 160 ला 38.6 ने गुणलं. उत्तर आलं साडेअडतीस गोळ्या.

इशारा आला होता. डॉक्टरने तो बाजूला सारला, कारण असे इशारे दिवसभर येत होते आणि बहुतेक बिनकामाचे असत. फार्मासिस्टलाही आला, त्यानेही सारला. यंत्रमानवाने गोळ्या मोजून पाकिटात भरल्या. त्या रात्री दुसऱ्या विभागातून आलेल्या परिचारिकेला शंका आली की इतक्या गोळ्या? पण तिने बारकोड वाचला आणि पडद्याने सांगितलं, बरोबर, साडेअडतीसच. मुलाने गोळ्या घेतल्या. एकोणचाळीसपटीच्या आसपास डोस गेला. त्याला जोराचा झटका आला, श्वास थांबला. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत हलगर्जी माणूस एकही नाही. प्रत्येकाने यंत्रावर भरवसा ठेवला, आणि यंत्राने सतत ओरडून ओरडून आपल्या ओरडण्याची किंमत घालवलेली होती. आता पान अकरा पुन्हा वाचा आणि ठरवा, कोणते दहा इशारे ठेवायचे आणि कोणते शंभर बंद करायचे. ते ठरवायला बालरोगतज्ज्ञ, फार्मासिस्ट आणि सिस्टर एका टेबलाशी बसावे लागतात. कंपनीचा विक्री प्रतिनिधी ते ठरवू शकत नाही.

आणि पडद्यावर सगळं बरोबर असूनही हात चुकू शकतो, याचा विचार कुठे आहे? अमिकॅसिन घ्या. आपल्या प्रत्येक बालविभागात आहे. 2 मिलिलिटरच्या वायलमध्ये 100 मिलिग्रॅम मिळतं, आणि तेवढ्याच 2 मिलिलिटरमध्ये 500 मिलिग्रॅमही मिळतं. वायल दिसायला जवळपास सारखी. दोन किलोचं बाळ, किलोला 15 प्रमाणे 30 मिलिग्रॅम हवं. 100 च्या वायलमधून 0.6 मिलिलिटर ओढायचं. तेच 0.6 मिलिलिटर 500 च्या वायलमधून ओढलं तर बाळाला 150 मिलिग्रॅम जातं, पाचपट. अमिकॅसिन जास्त झालं तर कान आणि मूत्रपिंड दोन्हींना धोका. संगणकातली ऑर्डर निर्दोष, छापील अक्षर सुवाच्य, आणि बाळ बहिरं. हे कुठे अडवायचं? खरेदी विभागात: नवजात विभागात 500 ची वायल पोचूच द्यायची नाही. हा निर्णय फुकट आहे, आणि तुमच्या आराखड्यात तो नाही.

आता तारीख. तुम्ही 15 ऑगस्ट धरलीत, एकाच दिवशी सगळं रुग्णालय, पाहुण्यांच्या हस्ते. ऑगस्टमध्ये बालविभागात काय असतं ते कुणी विचारलं का? पावसाळा, डेंग्यू, एका खाटेवर दोन-दोन मुलं. डेंग्यू शॉकच्या मुलाचं सलाइन एकदा लिहून सोडून देता येत नाही. किलोमागे तासाला 10 मिलिलिटरवरून 7, मग 5, मग 3. मधे रक्त घट्ट होतंय की पातळ ते बघायचं आणि वाटलं तर पुन्हा वाढवायचं. कमी दिलं तर शॉक, जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी. रेसिडेंट पलंगाशी उभा राहून नाडी बघतो आणि सिस्टरला सांगतो, 'सिस्टर, सात करा'. सिस्टर पंपावर आकडा फिरवते, कागदावर वेळ टाकते. तुमच्या प्रणालीत याला जुनी ऑर्डर बंद करून नवी टाकायची, पासवर्ड पुन्हा द्यायचा. अशी वीस मुलं असतील तर? रेसिडेंट वैतागून आपला पासवर्ड सिस्टरला देऊन टाकेल, आणि मग कोणती ऑर्डर कुणाची हे देवालाही सांगता येणार नाही. त्याला तुम्ही पुन्हा 'बेशिस्त' म्हणाल. बेशिस्त तुमच्या आराखड्यात आधीच भरलेली आहे.

वजनाच्या चौकटीचंही तेच. 'वजन भरल्याशिवाय ऑर्डर स्वीकारली जाणार नाही,' असं लिहिलंत. तत्त्व योग्य आहे. पण झटके येत असलेलं मूल बापाच्या खांद्यावरून आत येतं तेव्हा काट्यावर ठेवायला वेळ नसतो. मग कुणीतरी चौकट पुढे सरकावी म्हणून 10 टाकेल, आणि ते 10 पुढे तीन दिवस प्रत्येक डोसला चिकटून बसेल. अंदाजे वजन म्हणून वेगळी खूण हवी आणि काही तासांत खरं वजन मागणारा इशारा हवा. हा एक इशारा मात्र कधीच बंद करू नका. वीज जाते, नेटवर्क बसतं, त्या वेळचे छापील फॉर्म वॉर्डात कोणत्या कपाटात असतील, हेही लिहिलेलं नाही. 'जनरेटर आहे' एवढं पुरत नाही.

आता त्या शब्दांकडे येते, 'विरोध करणारा घटक'. तालुक्याच्या रुग्णालयातून फोन येतो: चार महिन्यांचं बाळ, श्वास घेत नाहीये, नळी घालून पाठवतोय, दोन तास लागतील. फोन ठेवल्याबरोबर सिस्टर काय करते पाहिलंय कधी? वॉर्मर चालू करते. व्हेंटिलेटरला छोटी नळी जोडून चाचणी घेते. सक्शन ओढून बघते. वजन साडेपाच सांगितलंय म्हणून अॅड्रिनॅलिन पातळ करून सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव आणि प्रमाण लिहिते. बाळाला लागणाऱ्या जाडीच्या सुया वेगळ्या काढते. मावशीला सांगून ऑक्सिजनचा सिलिंडर बदलून घेते. यातली एकही गोष्ट कुणी लिहून दिलेली नसते. बाळ दारातून आत येतं तेव्हा अर्धी लढाई तिने लढून ठेवलेली असते. पिट्सबर्गमध्ये या आधीच्या तयारीतला औषधांचा भाग प्रणालीने अशक्य करून ठेवला होता. अशी सिस्टर तुमच्या पडद्याकडे बघून म्हणाली, 'मॅडम, हे आम्हाला जमणार नाही,' तर ती तुम्हाला दोष दाखवते आहे. तो फुकट मिळालेला सल्ला आहे आणि तुम्ही त्याला विरोध म्हणून कोष्टकात टाकलंत. तिच्यासाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवलंत. तिच्याकडून शिकायला तुम्ही किती वेळ ठेवलात? मी पानं उलटून पाहिली. शून्य.

आराखडा परत घेऊन जा. पान चार पूर्ण लिहा, दोन्ही आकड्यांसकट. पिट्सबर्गची तळटीप काढा आणि त्याचं प्रकरण करा. शेजारी सिएटल ठेवा आणि दोघांत फरक कुठे पडला ते ओळीओळीने शोधा. तारीख पावसाळ्याबाहेर न्या. आधी एक वॉर्ड, तोही साधा, मग दुसरा, आणि अतिदक्षता विभाग सगळ्यात शेवटी. पहिले काही महिने प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक उशीर रोज तपासणारी समिती लिहा, आणि वेळ आली तर प्रणाली थांबवण्याचा अधिकार कुणाचा, त्या माणसाचं पद लिहा.

आणि हे सगळं टेबलाशी बसून करायचं नाही. या आठवड्यात दोघादोघांनी रात्रपाळीला मुलांच्या अतिदक्षता विभागात जायचं आहे. परवानगी मी घेतली आहे. कोपऱ्यात उभं राहायचं, मोबाइल खिशात, कुणाच्या मधे यायचं नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत. हातात घड्याळ ठेवा. फोन आल्यापासून पहिलं औषध शिरेत जाईपर्यंत काय काय होतं, कोण कुठे चालत जातं, कोण कुणाशी काय बोलतं, प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटं टाका. मग तुमच्या प्रणालीतला मार्ग शेजारी मांडा आणि त्यालाही मिनिटं टाका. दुसरी बेरीज पहिलीपेक्षा मोठी आली तर प्रणाली बदलायची, सिस्टर नाही.

सोमवारी नवा आराखडा माझ्या टेबलावर हवा. पहिल्या पानावर तुमच्या सह्यांच्या वर सिस्टर इनचार्जची सही असेल. ती नसेल तर मी दुसरं पान उलटणार नाही.